आंतरभारतीची राहिलेली अर्धी बाजू

साने गुरुजींचे नाव घेतले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम आई उभी राहते, मग श्याम, आणि मग डोळ्यांतले पाणी. हा क्रम इतका पक्का झाला आहे की गुरुजींविषयी वेगळे काही सांगायचे असले तरी ‘श्यामची आई’ला वळसा घालूनच पुढे जावे लागते. या लेखात आम्हांला दुसऱ्या एका साने गुरुजींविषयी लिहायचे आहे. ते तुरुंगात तमिळ आणि बंगाली शिकले. त्यांनी ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणले. त्यांनी इंग्लंडच्या खेड्यातला विणकर, फ्रान्समधला सुटलेला कैदी आणि इराणी महाकाव्यातले बापलेक मराठी मुलांच्या अंगणात आणून बसवले. ‘बहुसांस्कृतिक बालसाहित्य’ ही संज्ञा आपल्या अभ्यासक्रमांत अमेरिकी समीक्षेच्या वाटेने आली. त्या संज्ञेला शोभेल असा एक लेखक मराठीत तिच्या कितीतरी आधी होऊन गेला आहे, असे आमचे मत आहे. ज्या भूभागाला या लेखकाची आज विशेष गरज आहे, त्यांत कल्याणच्या पुढे कर्जतच्या रेल्वेमार्गावर वसलेला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा येतो, असेही आम्हांला वाटते.

प्रथम चरित्र पाहू. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातल्या पालगडला झाला. मराठी आणि संस्कृत घेऊन ते एम. ए. झाले. १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि तिथल्या वसतिगृहाचे व्यवस्थापक होते. ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक त्यांनी तिथेच काढले. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी नोकरी सोडली आणि पुढच्या सतरा वर्षांत त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला: धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक, येरवडा, जळगाव. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती भराभर टिपून घेणारे हात साने गुरुजींचे होते. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना उघडावे यासाठी त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, हे आयुष्य संपले.

या चरित्रातले एक प्रकरण सहसा एका वाक्यात उरकले जाते: त्रिचनापल्लीचा तुरुंग. तिथे गुरुजींच्या आजूबाजूला दक्षिणेतले सत्याग्रही होते. त्यांच्याशी बोलायला इंग्रजी होतीच, आणि शिकलेल्या दोन भारतीयांना इंग्रजीने तेव्हाही आजच्याइतकीच सोय करून दिलेली होती. गुरुजींनी ती सोय पुरेशी मानली नाही. ते तमिळ शिकले, बंगालीही शिकले. पुढे ‘कुरळ’चा मराठी अनुवाद केला. आम्हांला या घटनेत सर्वांत महत्त्वाची वाटते ती शिकण्याची दिशा. मराठी माणूस परप्रांतात कैदी होता, आणि शेजारच्या कैद्याने आपली भाषा शिकावी अशी अपेक्षा न ठेवता तो स्वतः अक्षरे गिरवायला बसला. वय तिशीच्या पुढचे, पदवी एम. ए.ची, आणि तरी पुन्हा पहिलीतला विद्यार्थी. गुरुजींच्या सगळ्या बालसाहित्यामागे ही मुद्रा आहे. परक्या माणसाची गोष्ट सांगण्याआधी ते त्या परक्याचे विद्यार्थी झाले होते.

आता पुस्तकांकडे वळू. गुरुजींची लहानमोठी पुस्तके शंभराच्या पुढे जातात आणि त्यांतला मोठा भाग मुलांसाठी आणि कुमारांसाठी आहे. ‘गोड गोष्टी’ या मालेत त्यांनी जगभरच्या कथा-कादंबऱ्या मराठी मुलांना सांगितल्या. जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ ही १८६१ ची कादंबरी तिथे ‘मनूबाबा’ झाली. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ ही १८६२ ची प्रचंड कादंबरी ‘दुःखी’ झाली. फिर्दौसीच्या ‘शाहनाम्या’तली बापलेकांच्या युद्धाची करुण कथा ‘सोराब नि रुस्तुम’ या नावाने आली. याशिवाय पैगंबरांचे चरित्र सांगणारे ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक, हेन्री थॉमस यांच्या ग्रंथावरून केलेला मानवजातीचा इतिहास, आणि ‘भारतीय संस्कृती’ ही सर्वांना ठाऊक असलेली निबंधमाला आहेच. एका कोकणी ब्राह्मण घरात वाढलेल्या, अमळनेरच्या वसतिगृहात रमलेल्या शिक्षकाच्या हातून ही सगळी माणसे मराठीत आली.

खुद्द ‘श्यामची आई’ही या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजे. आश्रमातले मित्र रात्री जमतात आणि श्याम त्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी तिची रचना आहे. म्हणजे पुस्तकाच्या आतच एक श्रोतृवर्ग बसलेला आहे, आणि तो श्यामच्या घरचा नाही. त्यात लाकडाची मोळी खाली पडलेल्या म्हाताऱ्या महार बाईची आठवण आहे. आई श्यामला ती मोळी उचलून द्यायला पाठवते, आणि परत आल्यावर आंघोळ करायला सांगते. या आठवणीची दोन्ही टोके वाचायला हवीत. दयेचे टोक शाळेत शिकवले जाते. आंघोळीचे टोक बहुधा गाळले जाते. आमच्या मते पुस्तकाचा प्रामाणिकपणा त्या दुसऱ्या टोकात आहे, कारण आईच्या प्रेमाची कुंपणे कुठपर्यंत होती हे लेखकाने लपवलेले नाही. पंढरपूरच्या उपोषणाला बसलेला माणूस त्या कुंपणापाशीच घडला. पण १९५३ च्या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, २०२३ साली त्याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट आला, आणि या सगळ्या प्रवासात गुरुजींची प्रतिमा ‘आईचा मुलगा’ एवढ्यावर अधिकाधिक स्थिरावत गेली. परक्यांची भाषा शिकणारा लेखक त्या प्रतिमेत मावला नाही.

इथपर्यंत गौरव झाला. साहित्याच्या अभ्यासकांनी गौरवावर थांबू नये, म्हणून गुरुजींच्या पद्धतीचीही तपासणी करायला हवी. ‘मनूबाबा’चेच उदाहरण घेऊ. सायलस मार्नर हा एका कर्मठ धर्मपंथाने चोरीचा खोटा आळ घालून बाहेर टाकलेला विणकर. परक्या गावात तो एकटा राहतो, मोहरा साठवतो, त्या चोरीला जातात, आणि एके रात्री एक अनाथ मूल त्याच्या झोपडीत येते. मराठीत येताना या विणकराचे नाव बदलले, गाव बदलले, देव बदलला. मराठी मुलाला तो आपल्या वेशीबाहेर राहणारा कुणी म्हातारा वाटावा अशी सगळी योजना केली गेली. लॉरेन्स व्हेनुटी यांच्या १९९५ च्या पुस्तकापासून भाषांतराच्या चर्चेत ज्याला ‘देशीकरण’ म्हणतात ते हेच. व्हेनुटींचा आक्षेप असा की देशीकरणात परकी संस्कृती गिळली जाते, वाचकाला आपलाच चेहरा पुन्हा दिसतो आणि आपण जग पाहिले असे वाटत राहते.

हा आक्षेप गुरुजींना लागू पडतो का? काही अंशी पडतो. त्यांच्या रूपांतरांत माणसे एकमेकांसारखी होऊ लागतात. सगळ्यांच्या डोळ्यांत तेच पाणी, सगळ्यांच्या तोंडी तीच आर्जवी वाक्यरचना. एलियटच्या लेखनातली तीक्ष्ण थट्टा मराठीत उतरत नाही, ह्यूगोचा राजकीय संताप मवाळ होतो. मनूबाबा भेटल्यावर मुलाला एक सज्जन म्हातारा भेटतो, इंग्लंड भेटत नाही. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. व्हेनुटी बोलत होते ते इंग्रजीविषयी. सत्तेच्या भाषेने लहान भाषांना गिळण्याचा तो प्रश्न होता. पारतंत्र्यातल्या मराठीने सत्ताधाऱ्यांच्या भाषेतली कादंबरी घेऊन तिला धोतर नेसवणे ही उलट दिशेची क्रिया आहे. शिवाय गुरुजींचा वाचक खानदेशातला किंवा कोकणातला शाळकरी मुलगा होता. परक्या नावांच्या उंबरठ्यावर तो अडखळला असता तर आतली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नसती. आणि जिथे नाव सांगूनही गोष्ट पोचेल असे गुरुजींना वाटले, तिथे त्यांनी नाव राखले. सोराब सोराबच राहिला, रुस्तुम रुस्तुमच राहिला. पारशी शेजाऱ्यांमुळे ती नावे मराठी कानांना सवयीची होती. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की नाव बदलायचे की ठेवायचे हे गुरुजींनी शेजारावरून ठरवले. जो शेजारी मुलाच्या ओळखीचा, त्याचे नाव गोष्टीत टिकले.

आता या निष्कर्षाला उल्हासनगरात नेऊन उभे करू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावण्या बांधल्या गेल्या. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित वसवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. आजही पत्ता सांगताना माणसे कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. शेजारच्या अंबरनाथला शिलाहारांचे शके ९८२ मधले शिवमंदिर आहे. तिथेच विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आली, रासायनिक कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले कामगार आले. पुढच्या बदलापुरात मुंबई, ठाणे आणि डोंबिवलीत घर परवडेनासे झालेला मराठी नोकरदार मोठ्या संख्येने आला. तीन स्थानके, काही मिनिटांचा लोकलचा प्रवास, आणि एका डब्यात सिंधी, मराठी, हिंदी, भोजपुरी, गुजराती, मल्याळम, तेलुगू अशा कितीतरी भाषा.

याच वर्षांत, म्हणजे उल्हासनगर वसत असताना, साने गुरुजी आंतरभारतीची कल्पना मांडत होते. स्वातंत्र्य मिळाले होते, भाषावार प्रांतांची मागणी जोर धरत होती, आणि प्रांताप्रांतांतले हेवेदावे त्यांना दिसत होते. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीचा आदर्श समोर होता. एका प्रांतातल्या तरुणांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथले साहित्य, कला, चालीरीती समजून घ्याव्यात, त्यासाठी संस्था उभी राहावी, निधी जमावा, असे ते म्हणत होते. संस्थेचे स्वप्न त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पुढे त्यांच्या नावाने आंतरभारतीचे काम झाले, अनुवादाचे झाले, भारतभरच्या मुलांच्या शिबिरांचेही झाले. मात्र आंतरभारतीसाठी जी जागा अनायासे तयार होऊन बसली होती, जिथे दुसरा प्रांतच आपल्या दारात येऊन राहिला होता, तिथे मराठी साहित्यव्यवहाराने तिच्याकडे पाहिले नाही. मोहन कल्पना हे फाळणीनंतर उल्हासनगरला आलेले सिंधीतले महत्त्वाचे कादंबरीकार. त्यांना १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच उल्हासनगरात मराठी घेऊन बी. ए. होणाऱ्या किती विद्यार्थ्यांच्या कानांवर हे नाव पडते, हा प्रश्न या पट्ट्यातल्या प्राध्यापकांनी आपापल्या वर्गात विचारून पाहावा.

बालसाहित्याचा विचार केला तर हे मौन अधिक ठळक होते. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी आपल्या देशातल्या बालपुस्तकांची मोजणी केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ पुस्तके त्यांनी पाहिली, आणि कृष्णवर्णीय माणूस चित्रात किंवा मजकुरात निदान एकदा तरी दिसतो अशी पुस्तके ३४९ भरली. त्या एका लेखाने तिथल्या प्रकाशकांना हादरवले आणि बहुसांस्कृतिक बालसाहित्याच्या चळवळीला बळ मिळाले. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी एक मांडणी केली, ती आता शिक्षणशास्त्राच्या वर्गांत सर्वत्र शिकवली जाते. त्यांच्या मते मुलाला पुस्तकात कधी आरसा मिळायला हवा, कधी खिडकी, आणि कधी पलीकडे जाता येईल असे दार. मराठीत अशी मोजणी व्हायला हवी. ती होईपर्यंत आम्ही एवढेच विचारतो: मराठी बालकथेतल्या मुलाचे आडनाव अडवानी, यादव किंवा नायर असून तो गोष्टीचा नायक आहे, पाहुणा किंवा विनोदी पात्र नाही, अशी पुस्तके वाचकांना किती आठवतात? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. तो हिंडला खूप, आणि भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठीत आणला. तरी मराठी बालकथेची घरची माणसे बहुतेक एका भाषेत बोलणारी राहिली.

एक सन्मान्य अपवाद इथे सांगितला पाहिजे. माधुरी पुरंदरे या चित्रकार आणि लेखिका. फ्रेंच भाषेच्या आणि साहित्याच्या जाणकार. बालसाहित्यातल्या एकूण कामगिरीबद्दल २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. ‘वाचू आनंदे’ या संकलनांत त्यांनी मराठी मुलांसमोर उत्तम मराठी गद्यपद्याची आणि चित्रांची मेजवानी मांडली, आणि ‘हॅनाची सूटकेस’ हे नाझी छळछावणीत मारल्या गेलेल्या ज्यू मुलीची कहाणी सांगणारे पुस्तक मराठीत आणले. या पुस्तकात मुलीचे नाव हॅनाच आहे. ते बदलले असते तर पुस्तकाचा अर्थच गेला असता, कारण त्या नावामुळे आणि त्या नावामागच्या वंशामुळे तिला मारले गेले होते. साने गुरुजींचा मनूबाबा आणि पुरंदरे यांची हॅना यांच्यामध्ये मराठी बालसाहित्याने केलेला प्रवास दिसतो. परका माणूस आपल्यासारखा आहे म्हणून प्रिय, इथून निघून परका माणूस आपल्याहून वेगळा आहे आणि तरीही प्रिय, इथपर्यंतचा हा प्रवास आहे. आम्हांला गुरुजींचा मार्ग पुढे न्यायचा आहे तो या दिशेने.

हे सगळे आज निकडीचे का, याचे कारण कायद्यात आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ च्या एप्रिल-जूनमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून राज्य ढवळून निघाले आणि शासनाला ते निर्णय मागे घ्यावे लागले. या सगळ्या गदारोळात मुलाने कुठली भाषा शिकावी यावर पुष्कळ बोलले गेले. ती भाषा त्याला काय सांगणार आहे, यावर त्या मानाने फारच थोडे. उल्हासनगरच्या इंग्रजी शाळेतले सिंधी मूल आता मराठीचे पाठ्यपुस्तक उघडते. त्यात त्याच्या आजीची एकही गोष्ट नसेल, त्याच्यासारखे नाव नसेल, तर मराठी त्याच्यापुरती गुणपत्रिकेतली एक ओळ होऊन राहील. कायद्याने भाषा वर्गापर्यंत पोचवता येते. तिच्याविषयी आपलेपणा उत्पन्न करण्याचे काम पुस्तकाचे आणि शिक्षकाचे आहे.

आमच्या मते २०२० चा कायदा ही आंतरभारतीची अर्धी बाजू आहे, आणि तेवढ्यापुरती ती आम्हांला मान्य आहे. जिथे राहावे तिथली भाषा शिकावी, हे गुरुजींनाही मान्यच झाले असते. पण त्रिचनापल्लीत त्यांनी जे केले ती दुसरी अर्धी बाजू: मराठी माणसाने शेजाऱ्याची भाषा शिकण्याची. ती कुठल्याही कायद्यात बसणार नाही, आणि ती वाचून पहिली अर्धी बाजू कोरडी पडते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. मराठी शाळा एकामागून एक बंद पडत आहेत. बदलापूर-अंबरनाथातली मराठी घरेही मुलांना इंग्रजी माध्यमात घालत आहेत. अशा वेळी मराठीच्या अभ्यासकांनी सिंधी आणि भोजपुरीची काळजी का वाहावी? घर जळत असताना शेजाऱ्याच्या अंगणात झाडलोट कशाला? ही भावना आम्ही समजू शकतो. बदलापूरला श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’सारखे वाचनालय उभे केले, दुर्मिळ मराठी ग्रंथ जपले, ते याच काळजीपोटी. या कामाचे मोल कुणी कमी लेखू नये. पण या आक्षेपाचे उत्तर सिंधीच्या इतिहासातच सापडते. सिंधीला १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, साहित्य अकादमीची मान्यता त्याहून आधीची, पुरस्कार दरवर्षी दिले जातात. लिपी अरबी वळणाची की देवनागरी, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. आणि हे सगळे होत असताना उल्हासनगरच्या घराघरांत नातवंडे आजीला हिंदीत उत्तर देऊ लागली. मान्यता, पुरस्कार, लिपीचा अभिमान हे सगळे असूनही भाषा मुलांच्या तोंडून जाऊ शकते, याचे इतके जवळचे उदाहरण मराठीच्या शिक्षकाला दुसरीकडे शोधावे लागणार नाही. अभिजात दर्जाच्या आनंदात असलेल्या भाषेने शेजारणीचा हा अनुभव ऐकून घ्यावा. त्यात मराठीचेच हित आहे.

शिवाय ज्या मराठी मुलाने शेजारच्या भाषेतली एक तरी गोष्ट मनापासून ऐकली आहे, त्याला स्वतःच्या भाषेचेही भान येते. आपल्या भाषेत काय आहे आणि काय नाही हे तुलनेशिवाय कळत नाही. गुरुजींच्या मराठीला ‘कुरळ’च्या अनुवादाने काही तोटा झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मग करायचे काय? भव्य योजना आम्ही सुचवत नाही. गुरुजींची ‘गोड गोष्टी’ची पद्धत वर्गात आणता येईल, एका दुरुस्तीसह. या पट्ट्यातल्या शाळेत किंवा महाविद्यालयात मराठीचा शिक्षक विद्यार्थ्यांना सांगू शकतो की घरी जाऊन आजीकडून, आईकडून, कामावरून परतलेल्या बापाकडून त्यांच्या भाषेतली एक गोष्ट ऐका आणि ती मराठीत लिहून आणा. दुरुस्ती ही की नावे बदलायची नाहीत. गावाचे नाव, पदार्थाचे नाव, नात्याचे नाव जसे आहे तसे ठेवायचे, आणि मराठी वाक्यात ते कसे नीट बसेल हे शोधायचे. भाषेच्या विद्यार्थ्याला याहून चांगला व्यायाम नाही. मराठी घरातल्या मुलाने आपली गोष्ट न आणता बाकावरच्या सोबत्याची गोष्ट लिहावी, आणि ती लिहिताना त्या भाषेतले निदान दहा शब्द शिकावेत. दहा शब्द म्हणजे भाषा नव्हे हे आम्हांला ठाऊक आहे. गुरुजींचे तमिळही दहा शब्दांपासूनच सुरू झाले असणार.

उल्हासनगरच्या वर्गात पहिली गोष्ट कुठली येईल, याचा अंदाज बांधता येतो. शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्याने अमर केलेली मारुईची कथा सिंधी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. थरच्या वाळवंटातल्या गरीब पशुपालकांची ही मुलगी. उमरकोटचा राजा उमर तिला पळवून नेतो, महालात ठेवतो, रेशमी वस्त्रे देऊ करतो. ती आपली जाडीभरडी ओढणी टाकायला तयार होत नाही. तिला आपल्या माणसांकडे, आपल्या विहिरींकडे, आपल्या पावसाकडे परत जायचे असते. शेवटी राजाला तिला सोडावे लागते. फाळणीनंतर बराकीत राहणाऱ्या सिंधी बाईने ही गोष्ट मुलाला सांगितली असेल तेव्हा तिच्या मनात काय आले असेल, हे मराठी वाचकाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. मारुई परत गेली. कॅम्पातल्या त्या बाईला परत जाता येणार नव्हते.

ही कथा मराठी मुलांसाठी कुणीतरी लिहायला हवी. ती साने गुरुजींच्या जिव्हाळ्याने लिहावी, पण मारुईची मालती करू नये, आणि उमरकोटचे कुठले तरी राजगड करू नये. अंबरनाथच्या कुणा शिक्षिकेने ती लिहिली आणि उल्हासनगरच्या एखाद्या मुलाने ती मराठीत वाचून घरी आजीला सिंधीत विचारले, की तुला ही ठाऊक आहे का, तर आंतरभारतीचे काम झाले असे म्हणता येईल. ‘श्यामची आई’ शिकवताना आपण आईवर थांबतो. यापुढे निदान या तीन गावांच्या वर्गांत श्यामबरोबर त्रिचनापल्लीचा कैदीही शिकवला जावा, एवढे आमचे मागणे आहे.